गाव कोणत्या तालुक्यात?
जुन्या कागदांचा कुबट वास आला की पुण्यातली ती कचेरी आठवते. वडिलांना त्यांच्या आजोबांची जन्मनोंद हवी होती. मधल्या काळात आमचं गाव दुसऱ्या तालुक्यात गेलं होतं. इथला कारकून चहा ढवळत म्हणाला, "ते गाव आमच्याकडे नाही. नव्या तालुक्याला जा." "अहो, त्यांनीच इकडे पाठवलंय," वडील म्हणाले. "गाव जागेवरच आहे, हद्द तुमची हलली." या कारकूनसाहेबांनी टेबलाखाली ज्या गठ्ठ्यावर पाय ठेवले होते, त्यावरच आमच्या गावाचं नाव होतं. वडिलांनी वाकून तो ओढून घेतला. नोंद निघाली, पण मोडीत; साहेबांना वाचता येईना. वडिलांनीच आजोबांचं नाव सावकाश, मोठ्याने वाचलं. "बघा, दिलं की नाही शोधून!" कारकून म्हणाला. वडिलांनी त्याचे चक्क आभार मानले. मला ते आजही जमणार नाही.