भरतेशच्या सिनेमातला बांध

कुंडलच्या धरणेंद्र अण्णांचा भरतेश सिनेमे काढतो, हे लिस्बनला माहीत आहे, सोलला माहीत आहे. माहीत नाही ते कुंडलला. त्याचा सिनेमा म्हणजे उसाच्या कडेला कॅमेरा रोवायचा आणि दिवस मावळेपर्यंत हलवायचा नाही. कट नाही, गाणं नाही, कुणी बोललंच तर म्हशीशी. परदेशातले लोक असलं बघून डोळे पुसतात. अण्णा मात्र पाच मिनिटांत उठायचे. "दिवस बुडायच्या आत जेवाय पायजे," हे जैन घरात बिनतोड कारण. पण सिनेमा सकाळी लावला तरी ते हेच सांगत. बक्षिसं घरात धूळ खात होती. आपल्या बापानं एकदा तरी शेवटपर्यंत बसावं, एवढीच त्या वेड्याची भूक होती.

ती भागवली शेजारच्या नानासोंनी. अण्णांनी आपला बांध कोरला, असं ते चारचौघांत बोलले.

"म्या? आवं, पोराच्या सिनेमात अख्खा बांध हाय!" अण्णा कडाडले. "लाव रं भरतेश. हू दे एकदाचा निकाल."

भरतेशचा चेहरा उतरला. शेवट ठाऊक असलेला गावात तो एकटाच होता.

सगळे टीव्हीपुढं बसले. ऊस हलला. बगळा आला, गेला. कुणी जागचं उठलं नाही. असे प्रेक्षक त्याला पॅरिसातही मिळाले नव्हते. शेवटी मावळतीच्या उजेडात एक माणूस खोरं घेऊन आला आणि सावकाश, मन लावून बांध कोरू लागला. टोपीची ती तिरपी ठेवण अख्खं कुंडल ओळखतं. याच दृश्याला परदेशात 'माणसाचा मातीशी संवाद' म्हणून नावाजलं होतं, आणि भरतेशनंही गंभीरपणे मान डोलावली होती.

नानासो मिशीत हसले. अण्णांनी हळूच विचारलं, "एवढं कापाय येतं का रं?"

बापानं सिनेमाबद्दल विचारलेला हा पहिलाच प्रश्न. हो म्हणावं असं फार वाटलं भरतेशला.

"न्हाई अण्णा. माझ्या सिनेमात कट नसतो."

दुसऱ्या दिवशी अण्णा खोरं घेऊन बांध मागं सारायला निघाले. नानासो इस्त्रीचा सदरा घालून हजर. भरतेशनं सवयीनं कॅमेरा रोवला. अण्णांनी टोपी सारखी केली.

"नीट घे. ह्यो बी शेवटपातूर बघणार हाय मी," ते म्हणाले. "नानासोचा काय भरवसा?"