विथ आणि सुकेळी

पौषातल्या कोवळ्या उन्हात राजेळी केळी वाळू लागली, की गिरीज गावातल्या आमच्या वाडीवर मधासारखा दाट, किंचित आंबूस गंध तरंगत राहतो. सुकेळी करणं ही तपश्चर्याच. सोललेली केळी मांडवावर मांडायची, दिवसातून कितीदा तरी हातानं उलटायची, दव पडण्याआधी गोळा करायची. एक दिवस पाठ फिरवली, तर बुरसतात.

मी इंग्रजीचा मास्तर. त्या भाषेतल्या ‘विथ’ या इवल्या अव्ययापुढे मी आजही स्तिमित होतो. सुरीनं कापा, मित्रासोबत चाला, शत्रूशी झुंजा, आनंदानं गा. मराठीत आपण प्रत्येकासाठी निराळं वस्त्र विणतो, आणि हा बैरागी एकाच कांबळ्यात सगळ्यांना घेतो! शस्त्र आणि सखा, वैर आणि प्रीती एकाच छपराखाली नांदवणारं केवढं हे विशाल घर!

परवा वर्गात या शब्दाची वाक्यं मागितली. एका मुलीनं इंग्रजीत सांगितलं, मी आजीसोबत झोपते. मग हळूच मराठीत म्हणाली, “तिची कूस बदलावी लागते ना, सर.”

माझ्या हातातला खडू थांबला.

तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत आई अंथरुणाला खिळली होती. ताई अंगणात केळी उलटायची आणि हात धुऊन आत जाऊन आईची कूस बदलायची. मी बोळिंजच्या फ्लॅटमधून हवेची गादी पाठवली, औषधं पाठवली. स्वतः गेलो नाही. सांगायला शाळेचं काम होतं. खरं म्हणजे त्या खोलीच्या वासाला मी भ्यालो होतो. आणि दफनाच्या दिवशी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून म्हणालो, शेवटच्या श्वासाला मी आईसोबत होतो! पहिल्या बाकावरच्या ताईनं मान खाली घातली. त्या श्वासाला तिथे ती एकटीच होती.

ज्या शब्दाचे सारे अर्थ मुखोद्गत, तोच मी असा विटाळावा?

आज वाडीवर जाऊन ताईला सगळं सांगितलं. तिनं मांडवावरून नजरही उचलली नाही.

“ठाऊक आहे रे. मी काय बहिरी होते त्या दिवशी?”

“मग बोलली का नाहीस?”

“तू आपणहून सांगायला येशील म्हणून. तीन वर्षं लावलीस, मास्तर! आता हात धू. ही ओळ तुझी. कावळ्यांवर लक्ष ठेव.”

मी एक केळं उलटलं. वरून सोनेरी, खालून अजून ओलं. गंध तोच होता, दाट, किंचित आंबूस. दव पडायच्या वेळेपर्यंत मी तिथून उठलो नाही.