काबुली पुलाव आणि संपतरावांचा उपास

आमच्या स्टाफरूमच्या कपाटात दोन गोष्टी साठतात, जुन्या उत्तरपत्रिका आणि किस्से. उत्तरपत्रिका दरवर्षी रद्दीवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, ते सांगूनच मोकळं व्हावं लागतं. त्यातले निम्मे खाण्याचे आहेत, आणि ते आठवले की मला हसू कमी आणि राग जास्त येतो, हे आधीच सांगतो.

माणसं चारच. मी विज्ञान शिकवतो, मूळ कोऱ्हाळे बुद्रुकचा. आबा आमचे हेडक्लार्क, नरसिंहपूरचे. त्यांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती. चित्रकलेच्या विजयामॅडम, गाडी त्यांची, म्हणून शेवटचा शब्दही त्यांचाच. आणि गणिताचे संपतराव, पणदऱ्याचे, घरचा ऊस. शाळा इंदापूरला. महिन्यातून एक रविवार आम्ही बारामतीला जेवायला जातो. दोनेक वर्षांपूर्वी तिथं भिगवण रोडला एक अफगाणी हॉटेल निघालं. मालक नजीबभाई काबूलचा. पुण्यात शिकायला आला आणि इकडचाच झाला.

*

पहिल्यांदा गेलो तेव्हा काबुली पुलाव मागवला. लांब तांदूळ, आत मटण, वर गाजराचा कीस आणि मनुके. आबांनी चमच्यानं सगळे मनुके ताटाच्या कडेला लोटले आणि म्हणाले, "मटणात मनुका? ह्यो पुलाव हाय का शिरा?"

मग वेटरकडं ठेचा मागितला. त्या बिचाऱ्याला ठेचा माहीत नाही. पुढच्या महिन्यात आबा खिशातून स्टीलची डबी घेऊनच आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं! पाहुण्याच्या घरी आपण भाकरी बांधून नेतो का, असं मी त्यांना तिथंच विचारलं. आबांनी डबी नजीबभाईपुढं सरकवली. त्यानं नानच्या तुकड्यावर चांगला बोटभर ठेचा घेतला, खाल्ला आणि आत गेला. तो आमचं जेवण उरकल्यावर बाहेर आला, डोळे लालबुंद.

आता आमच्या टेबलावर न सांगता ठेच्याची वाटी येते. मनुके मात्र आबा अजून कडेलाच लोटतात.

*

एकदा मुख्याध्यापकांना सोबत नेलं. चूक माझीच.

त्यांनी मेनूकार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, व्हेज मंचुरियन आहे का? नाही. मग पनीर टिक्का? तोही नाही. तेव्हा साहेब नजीबभाईला म्हणाले, "मग तुम्ही ठेवता तरी काय?"

माझं डोकंच फिरलं. एक माणूस आपला मुलूख सोडून येतो, आपल्या आईच्या हातचं जेवण तुमच्यापुढं मांडतो, आणि तुम्ही त्याला मंचुरियन मागता? हे मी मनात म्हणायला हवं होतं. मी मोठ्यानं म्हणालो.

पुढच्या वर्षीचं वेळापत्रक लागलं, तेव्हा आठवड्याचे सगळे शेवटचे तास माझ्या नावावर होते.

*

आबांना मटण कळतं. एका रविवारी पहिल्या घासालाच त्यांनी जाहीर केलं, "बोकडाचं हाय. मेंढराचं न्हाय." आणि कोणाला न विचारता सरळ किचनमध्ये घुसले. आता हाकलून देणार म्हणून मी मागं धावलो.

बघतो तर आबा आणि नजीबभाई पातेल्याजवळ उकिडवे बसलेले. ह्याला त्याची भाषा धड येत नाही, त्याला ह्याची नाही, आणि वाद चाललाय मेंढराची चरबी नेमकी कुठं असावी यावर. आबा स्वतःच्या मांडीवर थापा मारून दाखवत होते. नजीबभाई म्हणत होता की त्यांच्याकडं शेपटीत असते, ही एवढी. आबांनी असलं मेंढरूच नसतं म्हणून हात झटकला. शेवटी त्यानं मोबाईलमध्ये फोटो दाखवला.

आबांनी मोबाईल हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. मग हळूच म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्यानं हे बघाय पायजे व्हतं."

*

आता संपतराव. माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. मला टायफॉईड झाला तेव्हा महिनाभर माझे तास त्यांनीच घेतले. पण अकरा वर्षांत माझ्या घरात त्यांनी एक घास खाल्लेला नाही.

आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतली, वडील मास्तर झाले, मी मास्तर झालो. संपतराव तोंडानं कधी काही बोलले नाहीत. त्यांना फक्त उपास असतो. सोमवारी महादेवाचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा.

इंदापुरात घर बांधलं तेव्हा मी मुद्दाम बुधवार धरला. बुद्धवंदना झाली, पंगत बसली. माझ्या बायकोनं, सुनंदानं, पुरणपोळ्या केल्या होत्या. संपतरावांना नाही म्हणायला जागाच राहू नये, एवढ्यासाठी. ते आले, आहेर दिला, हात जोडले आणि म्हणाले, "आज नरसिंहाचा उपास हाय."

शेजारी आबा जेवत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "आमच्या नरसिंहपुरात बुधवारी कुणी उपास धरत न्हाय."

संपतराव हसले आणि चपला घालून गेले. सुनंदानं त्यांच्यासाठी वाढलेलं ताट झाकून ठेवलं. मला एका शब्दानं बोलली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. दुसऱ्याच दिवशी विजयामॅडमच्या घरी त्यांच्या मुलाचा वाढदिवस होता. वार गुरुवार, दत्ताचा! संपतरावांनी तिथं पोटभर जेवून वर दोन लाडू खाल्ले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मला त्यांची माफी नको होती, भाषणही नको होतं. एकदा माझ्या पंक्तीला बसून जेवावं, एवढंच.

*

आबा रिटायर झाले. पार्टी त्यांनीच दिली, बारामतीलाच. आधी स्वतः फोन करून नजीबभाईला सांगून ठेवलं होतं की वेगळ्या प्लेटा नकोत, तुमच्या घरी असतो तसा एकच थाळ आण. कोणासाठी हे चाललंय ते मला कळलं.

गालिचावर मांड्या घालून बसलो. माझ्या शेजारी संपतराव, समोर आबा आणि मॅडम. दोघांनी धरून थाळ आणला, मधोमध ठेवला. पुलावाचा ढीग, त्यावर मटणाचे हे एवढे तुकडे. आबांनी हात घातला, मॅडमनी घातला, मी घातला. संपतरावांनी थाळाकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं आणि नजीबभाईकडं वेगळी प्लेट मागितली.

नजीबभाई गोंधळला. "हमारे यहाँ अलग प्लेट बीमार आदमी को देते हैं. आप बीमार हैं?"

मॅडम ओढणी नीट करत बसल्या. मी संपतरावांकडं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, नाही म्हणा. एवढं एकदा नाही म्हणा.

"व्हय," संपतराव म्हणाले. "बीमार हाय."

नजीबभाईला खरंच काळजी वाटली. त्यानं त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. बरं नसताना गोश्त अजिबात चालणार नाही म्हणाला. संपतरावांना हाताला धरून उठवलं, भिंतीशी लोडाला टेकून बसवलं आणि वाटीभर शोरवा आणून दिला. शोरवा म्हणजे पातळ पाणीदार रस्सा, तिखट नाही, मीठ बेताचं.

मग त्याची नजर माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर गेली.

"थाळ पे जगह खाली नहीं छोड़ते," म्हणाला, बाह्या सारल्या आणि मला खेटून बसला. थाळातला सगळ्यात मोठा तुकडा काढला, हातानं फोडला, अर्धा माझ्यापुढं ठेवला आणि अर्धा स्वतः खाल्ला.

आम्ही चौघं जेवत होतो. संपतराव वाटी हातात धरून थाळाकडं बघत होते. आबांनी एक मनुका उचलला, तोंडात टाकला, चावला.

"संपतराव," ते म्हणाले, "शोरवा घ्या. गार व्हतोय."