गायताबाबांचं नवं

तांदूळ नवा की जुना, हे गायताबाबा वासावरून सांगायचे. मूठभर तांदूळ नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "जुना." आठवडी बाजारातल्या दुकानदाराला ते अजिबात आवडत नसत, कारण जुना म्हणून दिलेल्या पोत्यात खालून नवा मिसळला असला की बाबांचं नाक तिथंच अडायचं.

गायता म्हणजे गावदेवाची पूजा करणारा. धानोऱ्याच्या पुढे जंगलातलं ते गाव, आणि मी तिथल्या शाळेत नव्यानं लागलेली बाई. बाबा शाळेच्या शेजारी राहायचे. माणूस काटकुळा, कमरेला पंचा, बोलणं मोजकं. अर्धं गाव त्यांना आजा म्हणायचं. मी मात्र बाबाच म्हटलं.

गावाचा एक नियम होता. आश्विनात लवकर येणारं हलकं धान पिकलं की गायत्यानं दिवस ठरवायचा. त्या दिवशी पळसाच्या पानावर नव्या तांदळाचा पहिला घास आधी गावदेवाला, मग घरातल्या मेलेल्या माणसांना, आणि मग जिवंतांनी खायचं. याला नवं खाणं म्हणत. त्याआधी नव्याचा दाणा कुणाच्या तोंडात जात नसे, मग घरातला जुना तांदूळ संपून कंद उकडायची वेळ का येईना.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पहिल्याच वर्षी देसाईगंजहून सोबतच्या शिक्षकानं आणलेला तांदूळ मी शिजवला. भाताचा वास कुडाबाहेर गेला आणि बाबा दारात येऊन उभे राहिले.

"बाई, हा नवा हाय."

मी दोन घास खाल्ले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोकरीचं पहिलं वर्ष, आणि आता गाव आपल्याला ठेवून घेत नाही, असंच वाटलं. बाबा वळून चालू लागले. संध्याकाळी गावात निरोप फिरला की नवं उद्याच आहे. धान अजून दुधावर होतं. बायांनी कसंबसं पिकलेल्या लोंब्या शोधून मूठ मूठ गोळा केली. कुणी कुरकुरलं तर बाबा म्हणाले, "बाई गावची हाय. बाईनं खाल्लं म्हनजे गावानं खाल्लं. मंग थांबाचं कायले?"

मी म्हटलं, "बाबा, आमच्या घरी देव मानत नाहीत. आम्ही बौद्ध."

"देवाले नका मानू नं. पेरनाऱ्याले माना."

हे सगळं सुरू कसं झालं, असं मी दरवर्षी विचारायची आणि दरवर्षी उत्तर वेगळं मिळायचं. एका वर्षी पहिला दाणा चिमणीनं चोचीतून आणला. दुसऱ्या वर्षी मुंगीनं. मी पकडलं तर बाबांना राग आला. "आनला तं कोनीतरी ना? आपन तं नाई आनला. तेवढं ध्यानात ठेवाचं."

पुढे माझी बदली गडचिरोलीला झाली. गेल्या आश्विनात त्यांचा मुलगा सोमा त्यांना तिथल्या दवाखान्यात घेऊन आला. पाणी तेवढं घोटभर जायचं, जेवण नाही. गावात धान पिकून उभं होतं आणि गायत्यावाचून नवं होत नव्हतं. सोमाला कापणीसाठी परतावं लागलं. डॉक्टर म्हणाले, काहीतरी पोटात जाऊ द्या. मी रोज डबा न्यायची. ते विचारायचे, "नवा तं नाई?" आणि जुना आहे म्हटलं तरी दोन शितांपुढे जायचे नाहीत.

एका सकाळी घरातला तांदूळ संपला. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला, तो नवा निघाला. भात चिकट झाला तेव्हा मला कळलं. दुसरं करायला वेळ नव्हता. मी तोच मऊ करून नेला.

"नवा तं नाई?"

"जुनाच आहे, बाबा."

त्यांनी घास नाकाशी नेला. डोळे मिटले. मी डब्याकडे बघत बसले. मग त्यांनी त्या घासातला चिमूटभर डब्याच्या झाकणावर ठेवला, ओठातल्या ओठात नावं घेतली, बरीच घेतली, आणि उरलेला तोंडात घातला. डब्यातला निम्मा भात खाल्ला.

"तुमी खाल्लं?"

"नाही अजून."

"खा. आन गावाले सांगा, झालं म्हनून."

मी सोमाला फोन लावला. "बाबांनी सांगितलंय, नवं झालं." तो म्हणाला, "हव." दुसऱ्या दिवशी गावानं खाल्लं. तिसऱ्या दिवशी बाबा गेले.

मी रडले नाही. कागदांवर सह्या केल्या, गाडी ठरवली, डबा घासला. अजूनही रडू आलेलं नाही, याची भीतीही वाटत नाही. या वर्षी सोमानं मला नवं खायला बोलावलं होतं. तोच आता गायता आहे. पळसाच्या पानावर घास ठेवत त्यानं नावं घेतली, त्यात शेवटचं बाबांचं होतं. मी ते ऐकलं आणि जेवले.

आता घरी तांदूळ आणला की मी मूठभर नाकाशी धरते. मला कसलाच वास येत नाही. दुकानदार जुनाच आहे म्हणतो. मी डब्याच्या झाकणावर चिमूटभर भात काढून ठेवते आणि मग खाते.