एसीतल्या अक्षता

आमच्या कॉलेजात गार हवा एकाच खोलीत होती. शहापूरच्या त्या इमारतीत पहिल्या मजल्याच्या टोकाला कॉम्प्युटर लॅब होती. दाराबाहेर चपलांचा ढीग असायचा आणि आत खिडकीत बसवलेला एक एसी दिवसभर घरघरत असायचा. दोन हजार सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. डोळखांबकडून, वाशिंदकडून जीपने येणाऱ्या आमच्यासारख्या मुलांना कॉम्प्युटरपेक्षा त्या गारव्याचंच अप्रूप जास्त होतं. प्रॅक्टिकल नसलं तरी काहीतरी निमित्त काढून आम्ही मुली दारात उभ्या राहायचो.

तो एसी माझे बाबा साफ करायचे. हे मी वर्गात कोणाला सांगितलं नव्हतं.

लाज वाटायची का? मला अजून नीट सांगता येत नाही. बाबांनीच पहिल्या वर्षी सांगून ठेवलं होतं, "कॉलेजात मला वळख नको दाखवू बाय. कामाचे कपडे असतात, काळं झालेलं असतं तोंड. तुझ्या मैत्रिणी काय म्हनतील?" मी नाही म्हणायला हवं होतं. मी मान डोलावली. मग ते लॅबमध्ये आले की मी वाचनालयात जाऊन बसायचे.

बाबा आधी वाशिंदच्या एका कारखान्यात कूलिंगच्या मशीनवर मदतनीस होते. मेकॅनिकच्या हातात पाना देता देता त्यांनी सगळं काम बघून घेतलं होतं. कारखाना बंद पडला तेव्हा मी शाळेत होते. सातवी शिकलेल्या माणसाकडे सर्टिफिकेट कुठलं? त्यांनी जुनी स्कूटर घेतली, मागे पायाने हवा मारायचा पंप बांधला आणि शहापूरपासून मुरबाडपर्यंत जिथे जिथे एसी आहे तिथे जाऊन विचारायला सुरुवात केली. एका बँकेचं काम मिळालं, एका डॉक्टरांचं मिळालं. मुरबाडच्या बाजूला मुंबईच्या लोकांनी बांधलेले बंगले होते, तिथली सर्व्हिसिंग उन्हाळ्यात असायची. आमच्या कॉलेजचं काम सगळ्यात शेवटी मिळालं. त्याचं त्यांना फार होतं. मुलगी जिथे शिकते तिथलं मशीन आपण चालतं ठेवतो, हे ते आईला दर वेळी नव्याने सांगायचे.

त्यांची एक पद्धत होती. काम सुरू करायच्या आधी ते पिशवीतून जुन्या धोतराचा पांढरा तुकडा काढून जमिनीवर पसरायचे. मशीनमधून जे निघेल ते त्यावर काढून ठेवायचे आणि काम झालं की मालकाला बोलवायचे. "बघून घ्या," म्हणायचे. मालकाने बघितल्याशिवाय ते फडकं झटकायचे नाहीत. मुरबाडच्या एका बंगल्यावर मालक म्हणाला होता, "पाणी मारून मोकळा झालास, केलंस काय?" तेव्हापासून हे सुरू झालं होतं. बंगल्यांच्या मशीनमधून गवत निघायचं, कुंभारमाशीची मातीची घरं निघायची, एकदा पालीची अंडी निघाली. डॉक्टरांकडे कापसाचे बोळे. आमच्या कॉलेजच्या एसीतून नुसती लाल धूळ निघायची. पण, बाबा घरी येऊन सांगायचे, लॅबचे सर कधी बघायला आले नाहीत. "घाण ती घाण, तिच्यात काय बघायचंय?" असं ते खुर्चीतूनच म्हणायचे. बाबा फडकं त्यांच्या टेबलापर्यंत घेऊन जायचे.

टेबलावरून आठवलं. सरांनी आपलं टेबल बरोबर एसीखाली लावून घेतलं होतं. गार झोत थेट डोक्यावर येतो म्हणून. बाबांनी दोनदा सांगितलं होतं, "सर, मशीनखाली कॉम्प्युटर नका ठेवू." सर हसले होते.

त्या वर्षी बाबांनी दसऱ्याच्या आठवडाभर आधी सर्व्हिसिंग केलं. मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये पूजा झाली. दरवर्षीच व्हायची. सगळ्या कॉम्प्युटरवर हळदकुंकवाची बोटं, झेंडूची फुलं, उदबत्ती. एसी सगळ्यात महागाचा, म्हणून त्याला मोठा हार. शिपाईकाकांनी स्टुलावर चढून तो जाळीवर अडकवला, वर आंब्याचा टाळा खोचला. नारळ फोडला, त्याचं पाणी शिंपडलं. मग ताटलीतल्या ओल्या कुंकवाच्या अक्षता सगळ्यांच्या हातात दिल्या आणि सगळ्यांनी एसीवर टाकल्या. मशीन बंद होतं.

आमच्या घरात ही पूजा होत नाही. आम्ही बौद्ध. दसऱ्याच्या दिवशी बाबा पांढरा सदरा घालून वस्तीतल्या विहारात जातात, आम्हीही जातो, आणि आमच्यासाठी तोच मोठा दिवस असतो. मला हे सगळं माहीत होतं. पण मैत्रिणीने माझा हात ओढून त्यात अक्षता ठेवल्या आणि म्हणाली, "टाक गो, बघत काय बसलीस?" सगळे हात वर गेले होते. माझा एकटीचा खाली राहिला असता तर कोणीतरी मान वळवून बघितलं असतं. मी टाकल्या. चांगल्या मूठभर टाकल्या. घरी काही बोलले नाही.

दसरा झाला आणि उकाडा वाढला. भात कापणीला आलं होतं, अंगाची नुसती लाही होत होती. एसी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू. चौथ्या का पाचव्या दिवशी जाळीतून पाण्याची धार लागली आणि ती सरळ सरांच्या कॉम्प्युटरवर पडली. धूर निघाला आणि पडदा काळा झाला.

दुपारी शिपाईकाका मला जिन्यात भेटले. आमचं नातं कॉलेजात फक्त त्यांनाच माहीत होतं.

"बाय, तुझ्या बापाचं काय खरं नाय," ते हळूच म्हणाले. "सर म्हनतात, सर्व्हिसिंग केलं आनि मशीन गळाया लागली. कल्यानची पार्टी बोलवलीय उद्या. बँकेत पन फोन केलाय तेंनी. अडाणी मानूस हाय, तेच्याकडून काम काढा, असं बोलले."

बँकेतून काम गेलं की डॉक्टर काढणार, आणि बंगलेवाले तर एकमेकांना विचारूनच माणूस ठेवतात. शहापुरात असली गोष्ट पसरायला दोन दिवस पुरतात. मी बाहेरच्या टेलिफोन बूथवरून आमच्या वस्तीतल्या दुकानात फोन केला आणि बाबांना निरोप ठेवला. ते येतील की नाही, माहीत नव्हतं.

ते तासाभरात आले. घाम पुसत लॅबमध्ये शिरले तेव्हा आमचं प्रॅक्टिकल चालू होतं आणि मी तिसऱ्या रांगेत बसले होते.

"सर, मशीन बघतो," बाबा म्हणाले.

"आता कशाला? बघायचं तेव्हा बघितलं नाहीत. उद्या कल्याणचा माणूस येतोय. कोणी हात लावायचा नाही."

"माजं काम हाय. माजी चूक असंल तर मला दिसू द्या."

"चूक दिसतेय ना समोर!" सरांनी काळ्या पडद्याकडे बोट केलं. "आम्हीच मूर्ख. शिकलेला माणूस ठेवायला पाहिजे होता."

कोणीतरी मागे हसलं. बाबांनी पिशवीतून फडकं काढलं आणि जमिनीवर पसरलं. चार कोपरे हाताने नीट केले. मग स्टुलावर चढून पुढचं झाकण काढलं, स्क्रू सोडवले. सर "अहो, अहो," करत राहिले. आता मशीन खोक्यातून बाहेर ओढायचं होतं. ते एकट्याचं काम नाही, दुसऱ्या बाजूने धरायला माणूस लागतो. दरवेळी शिपाईकाका धरायचे. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. शिपाईकाकांनी सरांकडे बघितलं आणि जागचे हलले नाहीत. त्यांना मी दोष देत नाही, त्यांना रोज तिथेच यायचं होतं.

बाबा तसेच हात वर करून उभे राहिले.

मी उठले. बाकावर चढले आणि दुसरी बाजू धरली. "वळख नको दाखवू" असं सांगणारा माणूस माझ्याकडे बघून इतकंच म्हणाला, "खालून धर. पत्रा कापतो." मशीन हळूहळू बाहेर आलं आणि आम्ही दोघांनी ते टेबलावर ठेवलं. माझ्या ओढणीवर ग्रीसचा पट्टा उठला.

पुढच्या ट्रेमध्ये काठोकाठ पाणी होतं. तिथून मागे पाणी जायची एक बोटभर वाट असते, ती बुजली होती. बाबांनी तारेने उकरलं. आधी झेंडूच्या पाकळ्या निघाल्या, काळ्या पडलेल्या. मग आंब्याच्या पानाचा तुकडा. मग तांदूळ. फुगून एकमेकांना चिकटलेला, कुंकवाने लाल झालेला तांदळाचा गोळाच निघाला. तो पांढऱ्या फडक्यावर पडला. मागे पाणी खळखळत निघून गेलं.

"बघून घ्या," बाबा म्हणाले.

या वेळी सर खुर्चीतून उठले. त्यांनी बघितलं. मग ते म्हणाले, "म्हणजे आता पूजेवर ढकला. तुमच्यात पूजा करत नाहीत म्हणून आमच्या पूजेला नावं ठेवायची."

पूजेला नावं ठेवली असं एकदा पसरलं की आमच्या बाजूला वस्तीचं काय होतं ते बाबांना माहीत होतं. त्यांचा हात फडक्याकडे गेला, बहुतेक गुंडाळायला. त्या एका वाक्यापुढे त्यांचा तांदळाचा गोळा, त्यांची तार, त्यांची इतक्या वर्षांची पद्धत, काहीच टिकणार नव्हतं.

"सर," मी म्हटलं. "त्यातल्या मूठभर अक्षता माझ्या आहेत. मी पण टाकल्या. हे माझे बाबा आहेत."

वर्गात कुजबुज झाली. माझी मैत्रीण, जिने माझ्या हातात अक्षता ठेवल्या होत्या, ती म्हणाली, "हो सर. हिनं टाकल्या. मी पण टाकल्या." आणि मग शिपाईकाका, भिंतीशी उभे राहूनच, "टाळा मीच खोचला व्हता. पूजेला कोन नावं ठेवतोय? भोक बुजलं, येवढंच म्हनतो तो."

सर पुन्हा फडक्याकडे बघू लागले. "ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "झालं ते झालं. बसवून टाका मशीन."

बाबा हलले नाहीत. "बँकेत तुमी फोन केलात ना सर?"

"हं. ते मी बघतो नंतर."

"नंतर नाय. मशीन उघडी हाय. तुमी बोला, मग बसवतो."

इतक्या शांतपणे बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. लॅबमध्ये उकडत होतं. बाहेरच्या रस्त्याचा आवाज खोक्याच्या रिकाम्या चौकोनातून सरळ आत येत होता. सर म्हणाले की हे अति होतंय, प्राचार्यांना सांगावं लागेल. "सांगा," बाबा म्हणाले. "तेंना पन बोलवा. बघून घेतील." आणि ते फडक्याशेजारी उकिडवे बसले.

पाच-सात मिनिटं गेली असतील. सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटले. मग सरांनी टेबलावरचा फोन उचलला. बँकेच्या मॅनेजरना त्यांनी सांगितलं की मघाशी गैरसमज झाला, मशीनमध्ये तांदूळ अडकले होते, सर्व्हिसिंग बरोबर होतं. "हो हो, तोच माणूस," असंही म्हणाले. बाबांनी फडकं झटकलं नाही. गोळ्यासकट घडी करून पिशवीत ठेवलं. मग मी आणि त्यांनी मिळून मशीन आत ढकललं. ते मागच्या बाजूला किंचित उतरतं बसवायचं असतं, पाणी बाहेर जावं म्हणून. हे मला त्या दिवशी कळलं.

घरी जाताना मी पहिल्यांदा त्यांच्या स्कूटरवर बसून कॉलेजच्या फाटकातून निघाले. पंप माझ्या मांडीवर. पुलाच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "तांदूळ टाकलेस, मला का नाय सांगितलंस?"

"भीती वाटली."

"माजी?"

"नाही. त्यांची. सगळे टाकत होते."

पुलावर त्यांनी स्कूटरचा वेग कमी केला. मग म्हणाले, "आनि आज सांगितलंस ते?"

मी मांडीवरचा पंप आणखी घट्ट धरला.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी सरांचं टेबल दुसऱ्या भिंतीला होतं. शिपाईकाकांनी एसीचा हार हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि तो खिडकीच्या वरच्या खिळ्याला टांगला. "हितं चालंल ना गो मेकॅनिकबाय?" त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. मुली हसल्या, मीही हसले.

मग अक्षतांची ताटली फिरत माझ्यापर्यंत आली. मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि शेजारच्या मुलीच्या हातात दिली. माझी मूठ रिकामीच राहू दिली. एक-दोघींनी मान वळवून बघितलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले, त्यांनीच नजर काढून घेईपर्यंत.