शुक्रवारी राहून गेलेला सूर

आमच्या घराची बेल घरघरते. पूर्वी ती किणकिणायची. दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी ती काढून टाकली आणि तिच्या जागी ही जाड आवाजाची बसवली. जुनी बिघडली, असं त्यांनी मुलीला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं आणि मलाही सांगितलं. एक दिवस हे बाहेर गेले असताना मी ती जुनी बेल बॅटरीला लावून बघितली. ठणठणीत होती. म्हणजे किणकिण यांनाच ऐकू येत नव्हती. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

कारण आमचे हे पियानो सुरात लावतात. चव्वेचाळीस वर्षं तेच करतात. पंधराव्या वर्षी फर्निचरला पॉलिश करायच्या कारखान्यात लागले होते. एका घरी पियानोला पॉलिश करायला पाठवलं, तिथे एक म्हातारे गृहस्थ पियानोचं पोट उघडून तारा पिळत बसले होते. हे पॉलिशचं फडकं हातात घेऊन तसेच उभे राहिले. कारखान्याची नोकरी त्या आठवड्यात सुटली. "मालकाने हाकललं नाही, मीच ऐकत बसलो," असं हे सांगतात. त्या म्हाताऱ्यांच्या हाताखाली यांनी सहा वर्षं काढली. शेवटी शेवटी त्या म्हाताऱ्यांना ऐकू येईनासं झालं, तरी ते कामावर जात राहिले. एका शाळेत मुलं त्यांनी लावलेला पियानो वाजवून फिदीफिदी हसली. ते यांनी डोळ्यांनी बघितलेलं आहे. म्हणून यांना कानाचं मशीन सुचवायची माझी हिंमत होत नव्हती. एकदाच सुचवलं, तर म्हणाले, "अगं, ते घातलं की पियानो पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो." म्हणजे गुपचूप जाऊन घालून बघितलं होतं.

खालचे, मधले सूर यांना आजही असे ऐकू येतात की तुम्ही-आम्ही थक्क व्हावं. अडचण फक्त उजव्या टोकाची. वरच्या प्रत्येक पट्टीमागे तीन तारा असतात, हातोडी तिन्हींवर एकदम पडते. तिन्ही एकसारख्या ताणलेल्या असल्या तर आवाज एकच येतो. एक जरी सैल असली तर सूर थरथरतो, आंबल्यासारखा लागतो. ती थरथर यांना वरच्या पट्ट्यांत कळेनाशी झाली. मग हे मला बरोबर नेऊ लागले. डबा घेऊन ये, म्हणायचे. मी डबा घेऊन जायची, बाकावर बसायची, आणि हे मागे न वळता विचारायचे, "कसं वाटतंय?" मी म्हणायची, "जरा चढवा," किंवा "छान आहे." ऐकू येत नाही हा शब्द आम्हा दोघांत कधीच उच्चारला गेला नाही.

गेल्या वर्षी आमच्या सिनेगॉगच्या मंडळाने यहुदी संगीताच्या मैफली सुरू केल्या. वर्षाला चार. अर्धा वेळ जुनी प्रार्थनागीतं आणि लग्नातली गाणी, अर्धा वेळ आजच्या मुलामुलींनी बांधलेली नवी. सिनेगॉगला लागून हॉल आहे, तिथला पियानो यांच्याकडे. पैशाचं सोडा, तो मान यांना फार मोठा. मंडळाची सेक्रेटरी आमच्या मुलीच्या वयाची, भली पोरगी, पण तिचा मोबाईल हाताला चिकटलेला. म्हणायची, "काका, आता अ‍ॅप निघालंय. एक मुलगा त्याच्यावर अर्ध्या तासात पियानो लावून देतो."

हे म्हणायचे, "मग त्या अ‍ॅपला मैफलीचं तिकीट पण द्या. बसू दे पहिल्या रांगेत."

सगळे हसायचे. मी हसायची नाही.

तिसऱ्या मैफलीची गोष्ट. ती शनिवारी संध्याकाळी आठला होती. आमचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळताना लागतो आणि शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की सुटतो. मधल्या वेळात काम करायचं नाही, हत्यार उचलायचं नाही, वाद्याला हात लावायचा नाही. म्हणजे पियानो शुक्रवारीच लावून व्हायला हवा. एरवी हे सकाळीच जातात, पण त्या शुक्रवारी हॉलमध्ये कसली तरी परीक्षा होती. हॉल हातात आला तीन वाजता.

मी डबा घेऊन पोचले तेव्हा हे डाव्या टोकाकडून अर्ध्यावर आले होते. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत चाललं होतं. माझा एक डोळा घड्याळावर. शब्बाथचे दिवे घरी सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी लावायचे असतात, घर चालत दहा मिनिटांवर. हे नेहमीच्याच संथपणे बाजूची तार वाजू नये म्हणून फेल्टचा लोकरी तुकडा खोचत, किल्लीने तारेची खुंटी किंचित पिळत पुढे सरकत होते.

"अहो, उरका."

"पियानोला सांग. मी तर तयार आहे."

उजव्या टोकाकडून अकरावी पट्टी. यांनी ती तीनदा वाजवली. थरथर होती. अगदी स्पष्ट, दातांत खडा आल्यासारखी. "कसं वाटतंय?" यांनी विचारलं. मी घड्याळाकडे बघितलं. त्या एका पट्टीला दहा मिनिटं गेली असती, आणि पुढच्या दहा होत्याच. दिव्यांची वेळ मी चाळीस वर्षांत कधी चुकवलेली नाही.

"छान आहे," मी म्हटलं.

हे पुढे गेले. उरलेल्या दहा पट्ट्यांवरही मी मान डोलावत राहिले. त्या खरोखर बऱ्या होत्या. खोटं फक्त त्या एकीचं.

दिवे वेळेत लागले. डोळ्यांवर हात धरून मी प्रार्थना म्हटली आणि बंद डोळ्यांआड ती पट्टी वाजली. देवाच्या दिव्यासाठी मी नवऱ्याशी खोटं बोलले होते. यांनी माझ्या कानावर विश्वास ठेवला होता, आणि आता उद्या रात्रीपर्यंत कुणालाच काही करता येणार नव्हतं. मी शाल अंगाभोवती घट्ट ओढून घेतली.

"थंडी वाजतेय का गं?" यांनी विचारलं.

"नाही हो."

हे दुसरं खोटं.

शनिवारी सकाळी प्रार्थनेनंतर सेक्रेटरी अंगणात भेटली. "काका, आजची पियानो वाजवणारी बाई फार नावाजलेली आहे हं. कान एवढे तिखट की गेल्या महिन्यात एका ठिकाणी अर्ध्यात थांबली. म्हणाली, आधी हा पियानो नीट करा."

"मग आज तिला थांबायला निमित्त मिळायचं नाही," हे म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. "काय गं?"

मी ओढणी सारखी केली.

दुपारभर हे खुर्चीत बसून डुलक्या काढत होते, मधूनच जुन्या गाण्याची ओळ गुणगुणत होते. मी समोर पुस्तक उघडून बसले होते, एक पान उलटलं नाही. सांगावं का? आमच्यात मानतात की शब्बाथला कामाचं बोलू नये, कुणाला काळजीत टाकू नये. सांगून उपयोग तरी काय, तारे दिसेपर्यंत यांना खुंटीला हात लावता येणार नाही, नुसते तळमळत बसतील. असं मी मनाला समजावत होते. खरं सांगायचं तर त्यात निम्मा धर्म होता आणि निम्मी भीती. मला ती शाळेतली हसणारी मुलं दिसत होती, आणि त्या म्हाताऱ्यांच्या जागी हे.

सात वाजता तिसरा तारा दिसला. यांनी द्राक्षरसाचा पेला उचलला, शब्बाथला निरोप देणारी प्रार्थना म्हटली, पिळाची मेणबत्ती विझवली. मी तिथेच, धूर जिरायच्या आत सांगून टाकलं.

"अहो, ती अकरावी पट्टी लागलेली नाही. काल मी खोटं बोलले."

हे चपलांच्या स्टुलावर बसले.

"किती वाईट आहे?"

"कुणालाही कळेल इतकी."

"मला नाही कळली." असं हे पहिल्यांदाच उघड बोलले. इतक्या हळू, की मलाच आता ऐकू येईना की काय असं वाटलं. "कशी गं बोललीस खोटं?"

"दिव्यांची वेळ चुकत होती."

हे मान हलवत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"साडेसातला दारं उघडतात," हे म्हणाले. "लोक आलेले असतील. लोकांसमोर तुला विचारावं लागेल."

"मी न विचारताच सांगेन."

"तेच ते. सगळे बघतील." मग थोड्या वेळाने, "राहू दे का तशीच? एक पट्टी तर आहे."

मला हो म्हणायचा फार मोह झाला. पण कालच्या "छान आहे"ने माझी रात्र आणि दिवस खाल्ला होता. "ती बाई अर्ध्यात थांबली तर?" मी म्हटलं.

हे उठले, पिशवी घेतली. रस्ताभर माझा हात धरून चालले. इतका घट्ट हात यांनी आमच्या लग्नाच्या दिवशीही धरला नव्हता.

हॉलमध्ये साठ-सत्तर लोक येऊन बसले होते. पियानोचं झाकण उघडं होतं, आणि ती पाहुणी बाई उभ्यानेच एका बोटाने एकच पट्टी वाजवत होती. पुन्हा. पुन्हा. आंबट, थरथरता सूर अख्ख्या हॉलभर फिरत होता. लोक गप्पा थांबवून बघायला लागले होते. यांना ती थरथर ऐकू आली नाही. यांना फक्त तिचं बोट कुठे आहे ते दिसलं, आणि यांची पावलं थांबली.

सेक्रेटरी धावतच आली. "काका, हे काय झालं? मी त्या मुलाला फोन लावते, वीस मिनिटांत येईल."

पळून जावं असं मला वाटलं. यांना घेऊन, मागच्या दाराने. यांच्याही मनात तेच असणार, कारण हे दाराकडे वळले होते. पण वळलेलेच पुन्हा फिरले आणि स्टेजच्या पायरीवर चढून बोलले. आवाज मोठाच आला, ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा येतो तसा.

"हा सूर मला ऐकू येत नाही. दोन वर्षं येत नाही. हिला येतो. आम्हाला दहा मिनिटं द्या."

कुणी हसलं नाही, पण कुणी काही बोललंही नाही, आणि ते हसण्याहून बरं होतं का ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पाहुणी बाई बाजूला सरकली.

मी स्टेजवर गेले. जन्मात कधी चढले नव्हते. यांनी एका तारेशी फेल्ट खोचून तिला गप्प केलं आणि सैल तारेच्या खुंटीवर किल्ली बसवली. तार जुनी, गंजलेली. जास्त ओढली तर तुटायची, आणि तुटली तर आजची मैफल संपली.

"वर," मी म्हटलं.

यांनी खुंटी किंचित पिळली.

"अजून."

"नीट सांग. अजून म्हणजे किती?"

"केसभर. बस! थोडं खाली. हं."

खुंटीभोवतीचं लाकूड कुरकुरलं. पहिल्या रांगेत कुणीतरी श्वास आत ओढला. मग यांनी फेल्ट काढलं आणि तिन्ही तारा एकदम वाजवल्या. एकच सूर आला.

"छान आहे का?" यांनी विचारलं. सरळ माझ्या डोळ्यांत बघून.

"आहे."

बाईने तीच पट्टी वाजवून बघितली, मान डोलावली, आणि बसली.

आम्ही शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. जुनी गाणी झाली, मध्यंतर झालं. सेक्रेटरी येऊन म्हणाली, "काका, पुढच्या मैफलीचं बघू हं." बघू म्हणजे काय, ते न कळण्याइतके आम्ही लहान नाही. हे नुसते हसले.

नव्या गाण्यांत एक गाणं वरच्या पट्ट्यांवरच खेळत होतं. हे स्टेजकडे बघतच नव्हते. माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी जीव मुठीत धरून एकेक सूर ऐकत होते. पहिलं कडवं नीट गेलं. दुसरं नीट गेलं. आयत्या वेळी ओढलेली तार कधीकधी पुन्हा सैल पडते, हे यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. तिसऱ्या कडव्यात तिने ती पट्टी दाबली, आणि मला ती बारीक थरथर ऐकू आली. बाई थांबली नाही. पण ऐकलं तिनेही, कारण तिची मान किंचित वळली.

चेहरा तसाच ठेवणं मला जमलं असतं. चाळीस वर्षांच्या संसारात तेवढं जमतं. मी ठेवला नाही.

"उतरली ना?" यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं. स्वतःला वाटलं हळूच, पण पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली.

"हो."

"किती?"

"थोडी."

"थोडी म्हणजे किती, ते सांग."

मी तो सूर पुन्हा यायची वाट बघितली. आला. नीट ऐकला, आणि अंगठा नि बोट यांच्यात केसाएवढं अंतर धरून यांना दाखवलं. हे त्या अंतराकडे टक लावून बघत राहिले. मग माझी बोटं आपल्या हातात धरून त्यांनी ते अंतर थोडं कमी केलं, आणि एवढंच ना, अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.

मी मानेनेच नाही म्हटलं, आणि बोटं पुन्हा होती तेवढी लांब केली.