मेलबॉक्सचा पंचनामा

आमच्या शेजारचे पाद्रीबुवा आम्हाला परसातले टोमॅटो आणून द्यायचे आणि देता देता आम्ही नरकात जाणार असल्याची आठवण करून द्यायचे. दोन्ही गोष्टी ते सारख्याच प्रेमाने करत. टोमॅटो फार चांगले असत, त्यामुळे दुसऱ्या गोष्टीचा मला कधी म्हणावा तसा राग आला नाही.

पाद्रीबुवा हे नाव माझ्या सासऱ्यांनी ठेवलेलं. सासरे निवृत्त फौजदार, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, अल्फारेटाला आलेले. शेजारचे आजोबा चर्चमधून निवृत्त झालेले, तरी दर बुधवारी प्रवचनाला उभे राहणारे. दोघांनाही सगळ्या गोष्टी ठामपणे माहीत असत, म्हणून त्यांचं जमलं. नरकाबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासरे म्हणाले होते, "तिथं आमच्या खात्यातले बरेच असतील. सोबत होईल."

ही २००७ सालची गोष्ट. वॉशिंग्टनमध्ये हेट क्राइमचं, म्हणजे द्वेषापोटी केलेल्या गुन्ह्यांचं, बिल गाजत होतं. एखाद्याला तो गे आहे म्हणून, किंवा तसल्याच काही कारणाने, कुणी मारहाण केली तर केंद्र सरकारला त्यात हात घालता यावा, असं काहीसं ते होतं. माझा नवरा सॉफ्टवेअरमधला. त्याने ते बिल मुळातून वाचलं होतं आणि त्यात प्रवचनाबद्दल अवाक्षर नाही, असं तो सांगे. पाद्रीबुवांना मात्र खात्री होती की आज मारहाण गुन्हा, उद्या प्रवचन गुन्हा. पापाला पाप म्हटलं की दारात पोलीस. तुरुंगात चष्मा नेऊ देतात का, असं त्यांनी सासऱ्यांना एकदा गंभीरपणे विचारलं. चष्मा नेऊ देतात, पण टोमॅटो बरे मिळत नाहीत, असं सासऱ्यांनी अनुभवाने सांगितलं.

मग पाद्रीबुवांनी आपल्या हिरवळीवर पाटी लावली: प्रवचन हा गुन्हा नाही. आठवडा व्हायच्या आत नोटीस आली. सरकारची नव्हे, आमच्या वसाहतीच्या असोसिएशनची. पाटी ठरलेल्या मापापेक्षा मोठी होती. मी त्यांच्या मताची नव्हते, पण मलाच चीड आली. पाद्रीबुवांनी मात्र ती निमूटपणे उपटून गॅरेजमध्ये ठेवली. नियम म्हणजे नियम, म्हणाले. त्यांना नियम मोडता येत नसे आणि खोटंही बोलता येत नसे.

याच असोसिएशनमुळे आमच्या रस्त्यावरचे सगळे मेलबॉक्स एकसारखे होते. रस्त्याच्या कडेला खांब, त्यावर टपालाचा काळा पत्र्याचा डबा, आणि डब्यावर चिकटवलेल्या पांढऱ्या अक्षरांत आडनाव. सगळ्यांची आडनावं एका ओळीत मावत. आमचं दोन ओळींत जाई.

एका शनिवारी सकाळी मी पेपर उचलायला बाहेर गेले, तर आमचा मेलबॉक्स हिरवळीवर पडलेला. पत्रा आत गेलेला, झाकण लोंबकळत होतं. मी रस्ताभर नजर टाकली. बाकी सगळे मेलबॉक्स आपापल्या खांबावर शिस्तीत उभे होते. फक्त आमचाच.

मला भीती वाटली. राग नंतर आला. २००१ साली, त्या सप्टेंबरनंतर, आम्ही दुसऱ्या गावात असताना पेट्रोल पंपावर एक माणूस मला ओरडून म्हणाला होता, घरी जा. माझ्या हातात दुधाचा कॅन होता, मी घरीच चालले होते. ती गोष्ट मी कित्येक वर्षं हसत हसत सांगत आले. या डब्यापुढे मात्र मला हसू येईना.

"पोरांचं काम आहे गं," नवरा म्हणाला. "गाडीतून जाता जाता बॅट मारतात. इथे कॉमन आहे ते."

"मग आपलाच का?"

मी सांगून टाकलं, हे कुणी द्वेषाने केलं असेल तर मी या घरात राहणार नाही. सोमवारी घरं विकून देणाऱ्या एजंट बाईला फोन करते. जिथे आपले लोक आहेत तिथे अपार्टमेंट घेऊ. मला हे घर मनापासून आवडायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीपुढचं डॉगवूडचं झाड मी हाताने लावलं होतं. पण रोज सकाळी टपाल काढायला भीत भीत जायचं असेल तर झाड काय चाटायचंय?

सासरे मात्र खुलले. अमेरिकेत आल्यापासून त्यांच्या हाताला काम नव्हतं. माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन ते बाहेर आले आणि पंचनाम्याला दोन पंच हवेत म्हणाले. नवरा पुढे झाला तर त्याला, "घरचा पंच कोर्टात टिकत नाही," म्हणून मागे सारलं. हाक मारली ती पाद्रीबुवांना. ते बागेतले हातमोजे घालूनच आले. दुसरा पंच कुणी मिळेना, तेव्हा नाइलाजाने नवरा चालवून घेतला. मग सासऱ्यांनी खांबापासून डब्यापर्यंत, डब्यापासून फुटपाथपर्यंत आणि का कोण जाणे, फुटपाथपासून पाद्रीबुवांपर्यंत अंतर मोजलं. शेवटी इंग्रजीत निकाल दिला: "माउथ क्रुकेड. कंडिशन सीरियस."

पाद्रीबुवांनी टोपी काढली आणि मला म्हणाले, फार वाईट झालं, मॅम.

"हे हेट क्राइम आहे," मी म्हटलं.

"डबा फोडणं हे डबा फोडणं आहे, मॅम. त्याची शिक्षा व्हावी. पण फोडणाऱ्याच्या डोक्यात काय होतं, ते देवाला माहीत. सरकारने डोक्यात शिरू नये."

"डब्याचं मला काय करायचंय? डबा दुकानात मिळतो. त्याच्या डोक्यात काय होतं, तेवढंच मला हवंय. त्यावर मी इथे राहायचं की जायचं ते ठरणार आहे."

"अहो, पोरं असतात. तुमच्या डब्यावर अक्षरं जास्त आहेत. दोन ओळी. गाडीतून जाताना नजर तिथेच जाते."

"म्हणजे नावामुळेच ना!"

पाद्रीबुवांनी पडलेल्या डब्यावरच्या त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. माझा आवाज चढला होता. मी म्हटलं, "तुमचाही फुटला असता ना, तर मी अवाक्षर काढलं नसतं." आणि रागारागाने आत निघून आले. नवऱ्याने बिलात मारहाण लागते, मेलबॉक्स त्यात येतच नाही, असं काहीतरी समजावायला सुरुवात केली. त्याला मी कणीक मळायला बसवलं.

रविवारी सकाळी दारावर थाप पडली. पाद्रीबुवा चर्चला जायच्या कपड्यांत, टाय लावून उभे होते. अंगठ्याला भलीमोठी पट्टी होती.

"मॅम," ते म्हणाले, "माझाही मेलबॉक्स फुटला."

घरात नातू झाल्याचं सांगावं, तसा त्यांचा चेहरा होता. मी अनवाणीच बाहेर धावले. खरंच फुटला होता. इतका की खांबसुद्धा मुळापासून कलला होता. शेजाऱ्याचं नुकसान झालेलं पाहून एखाद्या बाईला इतका आनंद होऊ नये, पण मला झाला. म्हणजे पोरंच. म्हणजे आम्हीच एकटे नाही. मी घरात जाऊन चांगला बदाम घालून शिरा केला आणि पाद्रीबुवांना डबाभर दिला. घर विकायच्या बाईला फोन करायचं रद्द केलं.

सासऱ्यांनी या वेळी टेप काढली नाही, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

सोमवारी टपालवाली आली. दोन दोन मेलबॉक्स आडवे पाहून तिने गाडी थांबवली. मेलबॉक्स फोडणं हा फेडरल गुन्हा आहे, तिने आम्हा सगळ्यांना ऐकवलं, आणि कुणी पाहिलं का म्हणून विचारलं. पाद्रीबुवा तिथेच उभे होते. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"मॅम, खरं सांगायचं म्हणजे..." त्यांनी सुरुवात केली.

सासरे एकदम पुढे झाले. "अक्यूज्ड अननोन," ते म्हणाले. "फुल पंचनामा डन." टपालवालीने टपाल त्यांच्याच हातात दिलं आणि गाडी पुढे काढली.

पाद्रीबुवांचा लाल चेहरा दिवसभर माझ्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी मी सासऱ्यांना घेरलं.

"पहाटे चहा करत होतो," ते सांगू लागले. "खिडकीतून दिसलं. फावडं घेऊन आले. आधी इकडेतिकडे बघितलं. मग डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. मग हाणलं. पहिला घाव हुकला, तो अंगठ्यावर. डब्यानं बराच वेळ दम काढला म्हणायचा."

"आणि तुम्ही बोलला नाहीत, बाबा?"

"रिटायर आहे मी."

माझं डोकं फिरलं. बिलाचा वाद जिंकायला हा माणूस मला खोट्यात पाडतो? वर माझा शिरा खातो? आणि खरी गोष्ट अशी की आमचाच मेलबॉक्स एकटा फुटला होता, तो अजूनही एकटाच होता. मी फोन हातात घेतला.

"वादासाठी केलं की तुझ्यासाठी केलं, ते त्यांच्या डोक्यात," सासरे म्हणाले. "तिथं आपल्याला शिरता येत नाही, असं तेच म्हणतात. पण सूनबाई, विचारायला काय हरकत आहे?"

विचारायलाच मी तावातावाने बाहेर पडले. पाद्रीबुवा रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसले होते. दोन्ही खांब त्यांनी नवे रोवले होते, दोन्ही डबे बसवले होते. आमचं आडनाव त्यांनी पांढऱ्या अक्षरांत जसंच्या तसं, एकही चूक न करता, दोन ओळींत चिकटवलं होतं. आता ते स्वतःच्या डब्यावर अक्षरं लावत होते.

त्यांच्या आडनावात इंग्रजीतली चारच अक्षरं. ती त्यांनी दोन वर, दोन खाली, अशी लावली होती.

मी काहीच विचारलं नाही. परत येऊन फोन जागेवर ठेवला आणि सासऱ्यांना चहा टाकला. मला रडू येत होतं, ते त्यांनी पाहिलं नसल्यासारखं केलं.

पुढे ते बिल त्या वर्षी बारगळलं. पाद्रीबुवा खूश झाले, मी हळहळले, आणि आमचं त्यावर कधीच एकमत झालं नाही. पण त्याआधी असोसिएशनची आणखी एक नोटीस आली होती. आमचं आडनाव लांब, म्हणून आम्हाला सूट होती. पाद्रीबुवांनी मात्र आपलं नाव नियमाप्रमाणे एका ओळीत आणावं.

नोटीस हातात फडकवत ते आमच्या दारात आले.

"हे मी काढणार नाही," ते म्हणाले. "हे माझं भाषणस्वातंत्र्य आहे. तुरुंगात टाका म्हणावं."

मग त्यांनी टोमॅटो टेबलावर ठेवले आणि जाता जाता नरकाची आठवण करून दिली.